भिंतीकडे तोंड केलेली झारी

मी झारी बोलतेय. पत्र्याची, पाच लिटरची, एका बाजूने चेपलेली. आज सांगणार आहे ते सगळं खरं आहे. माझ्या तोटीच्या टोपीला एकोणचाळीस भोकं आहेत आणि त्यातल्या एकातूनही आजवर खोटं गळलेलं नाही. त्यातली तीन चिखलाने बुजलीत, त्यांची हमी मात्र मी देत नाही.

माझा जन्म एका बुडालेल्या जहाजाच्या पत्र्यातून झाला. बरं, जहाज नव्हतं, तेलाचा डबा होता. पण ज्या कारागिराने मला जोडलं तो जहाजावर जाऊन आलेला होता, निदान गिऱ्हाइकांना तो तसं सांगायचा. त्याने डबा कापला, वाकवला, डाग दिला आणि पाणी भरून मला उजेडाकडे धरलं. म्हणाला, "गळत नाही. माणसांपेक्षा बरी."

मला घरी नेलं टपालकाकांनी. आयुष्यभर दारोदार टपाल वाटलेला माणूस, निवृत्त झाल्यावर पाय घरात ठरेनात. दोन इमारतींच्या पाठी जिथे एकमेकींना भिडतात तिथे राडारोड्याचा ढीग होता. काकांनी शेजाऱ्यांची दारं वाजवली. पत्र नसताना टपालवाला आला म्हणून लोक दचकून बाहेर आले आणि फावडी घेऊन कामाला लागले. त्या ढिगातून एक अख्खी मोटार निघाली. म्हणजे तिचं एक चाक निघालं. वर्षभराने तिथे अकरा वाफे झाले, एक नळ आला, एक अवजारांची खोली आली. नगरपालिकेने कागदावर सही केली आणि बाग सगळ्यांची झाली.

बाग सगळ्यांची आणि झारी एकच. मग काकांनी एक रीत घालून दिली. अवजारांच्या खोलीत बाजूच्या भिंतीवर माझा खिळा. सकाळी फाटक उघडणाऱ्याने माझं तोंड दाराकडे करायचं. म्हणजे आज पाणी व्हायचंय. जो कोणी सगळ्या वाफ्यांना पाणी घालेल त्याने मला परत टांगताना तोंड मागच्या भिंतीकडे करायचं; म्हणजे झालं, आता हात लावू नका. ना वही, ना पाटी, ना भांडण. सात वर्षं बाग माझ्या तोंडाकडे बघून चालली. असा मान कुठल्या झारीला मिळालाय? लोकांना झारीतला शुक्राचार्य तेवढा आठवतो, झारी कुणाला आठवत नाही.

अपवाद एकच, रंगारी. घरं रंगवून दमलेला, आळशातला आळशी. टोकाचा वाफा त्याचा, नळापासून सगळ्यात लांब. माझं तोंड दाराकडे दिसलं की तो दारातूनच मागे फिरायचा.

"अरे, आज पाणी व्हायचंय," कुणीतरी म्हणायचं.

"माझा वाफा नशिबावर चालतो," तो म्हणायचा. "त्याला सवय लावू नका."

मग एका सकाळी टपालकाकांचा उजवा हात आणि जीभ एकाच दिवशी संपावर गेले. अर्धांगाचा झटका. डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या हाताला काम द्या, माणूस टिकेल. लेक त्यांना धरून बागेत आणायची. डाव्या हाताने ते टोमॅटोची रोपं बांधायचे, एकेका गाठीला पाव तास लागायचा. घरी ते खिडकीशी बसून रस्त्याकडे नुसते बघत असायचे, असं लेकच नळावर सांगायची. "इथे आले की बाबा असतात," ती म्हणायची. "घरी नुसते बसलेले असतात."

काका आजारी पडल्यावर बागेचा कारभार हेडबाईंकडे आला. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, सहा महिन्यांपूर्वीच इमारतीत राहायला आलेल्या. बाई प्रेमळ, पण त्यांनी हात लावला की वस्तू सरळ रेषेत उभी राहायची. फावडी उंचीप्रमाणे लागली. खुरपी धुतली गेली. माझी रीत त्यांना कुणी सांगितली नाही, आणि आताच बागेत येऊ लागलेल्या काकांच्या लेकीलाही नाही. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने सांगितली असेल, आणि हेडबाईंना शिकवायला जायचं कुणी?

त्याच सुमाराला नगरपालिकेचं पत्र आलं. महिनाअखेरीस साहेब पाहणीला येतील. अकरातले निम्म्याहून जास्त वाफे हिरवे दिसले तर जागा पुढची पाच वर्षं बागेकडे, नाहीतर तिथे गाड्या उभ्या राहतील.

सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं. जे आठवड्यातून एकदा यायचे ते रोज यायला लागले, ऑफिसला जाताना, ऑफिसातून येताना. आणि हेडबाई सकाळ-संध्याकाळ खोली आवरायच्या. मी भिंतीकडे तोंड करून दिसले की मला अलगद वळवायच्या, दाराकडे. "आल्यागेल्याकडे पाठ करू नये," असं मला म्हणायच्या, हसून.

काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंत. पहिला आला, तोंड दाराकडे, घातलं पाणी. भिंतीकडे वळवून गेला. बाई आल्या, वळवलं. दुसरा आला, तोंड दाराकडे, घातलं पाणी. दिवसातून तीन-तीन वेळा. उन्हाने माती वरून तासाभरात सुकायची आणि खाली चिखल तसाच राहायचा. मुळं कुजायला लागली, पानं पिवळी पडून माना टाकायला लागली. आणि रोपाने मान टाकली की माणसाला एकच सुचतं, तहान.

मी काय करणार होते? मला पोट आहे, तोंड आहे, हात नाही. भरलं की भरायचं, वाकवलं की ओतायचं. ज्यांना जगवायला माझा जन्म, त्यांना मी माझ्याच तोंडाने बुडवत होते.

काका तेव्हा तीन आठवडे तापाने घरी होते. पाहणीच्या आदल्या दिवशी लेक त्यांना घेऊन आली. त्यांनी टोमॅटोच्या बुंध्याशी बोट खुपसलं, वास घेतला आणि काठी टेकत खोलीत आले. मी दाराकडे बघत होते. त्यांनी डाव्या हाताने मला हळूच भिंतीकडे वळवलं.

"काका, उद्या साहेब येणार," हेडबाई म्हणाल्या, "पाठ फिरवलेली बरी दिसते का?" आणि वळवलं.

काकांनी पुन्हा भिंतीकडे केलं. बाईंनी पुन्हा दाराकडे.

"हट्टी झालेत हो बाबा," लेक म्हणाली. काका माझ्याकडे बोट दाखवत होते, मग वाफ्याकडे, मग माझ्याकडे. तोंडातून नुसता श्वास येत होता. लेकीचे डोळे भरले. "पाणी घालायचंय? मी घालते हं बाबा, तुम्ही बसा." तिने मला खिळ्यावरून काढलं, नळाखाली धरलं आणि टोमॅटोवर शेवटचा थेंब संपेपर्यंत धरून ठेवलं. काकांनी डोळे मिटून घेतले. त्या खोलीत ज्या दोघांना सगळं ठाऊक होतं, त्या दोघांना बोलता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. मोजले. हिरवे वाफे चार, सगळे नळापासून लांब, जिथवर भरलेली झारी न्यायचा लोकांना कंटाळा यायचा. सगळ्यात हिरवा रंगाऱ्याचा.

"हा कुणाचा?" साहेबांनी विचारलं. "काय करता तुम्ही याला?"

रंगारी खाली बघत म्हणाला, "काहीच नाही, साहेब."

तेवढ्यात मी खिळ्यावरून उडी घेतली. गडगडत थेट साहेबांच्या बुटांशी गेले आणि भिंतीकडे तोंड करून थांबले. साहेब हसले. म्हणाले, ही झारी काहीतरी सांगतेय. मग सगळ्यांना रीत आठवली, हेडबाईंनी कपाळावर हात मारला, आणि साहेबांनी बागेला सहा महिने दिले.

ही उडी त्या तीन बुजलेल्या भोकांतून आली. मी उडी मारली नाही. खिळा पक्का होता, काकांनीच ठोकलेला. साहेब खोलीत डोकावले तेव्हा मी त्यांच्याकडे तोंड करून छान दिसत होते. त्यांनी वहीत चार लिहिलं आणि गेले. बाकीचं, दुर्दैवाने, सगळं खरं आहे.

आता तिथे गाड्या उभ्या असतात. लेकीने मला घरी आणलं. काकांच्या खिडकीत एका कुंडीत एक टोमॅटो आहे. सकाळी काका डाव्या हाताने अर्धी झारी पाणी घालतात आणि माझं तोंड भिंतीकडे करून ठेवतात. थोड्या वेळाने लेक केर काढते आणि मला सरळ करून ठेवते. काका बघतात. मीही बघते. दुपारी, रोप मान टाकतंय असं तिला वाटलं, तर ती मला भरते.

कुणाच्या घरी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलेली झारी दिसली, तर तेवढी तशीच राहू द्या. आणि त्या घरातल्या लेकीला कुणीतरी सांगा.