लांबलेला नमस्कार

मच्छरदाणी गादीखाली खोचताना सुपिनच्या बोटाचं टोक सरळ ठेवणारी शीर तुटली होती. "सहा आठवडे ताठ पट्टी. टोक एकदा जरी वाकलं, तर पुन्हा पहिल्यापासून," डॉक्टरांनी बजावलं होतं.

पाचव्या आठवड्यात बाळाला न्हाऊ घालताना पट्टी भिजली. ती काढून सुपिनने तळवे जोडून बोट दुसऱ्या हातावर सरळ दाबून धरलं खरं, पण आता दोन्ही हात अडकले. नवी पट्टी बांधणार कोण?

तेवढ्यात सासूबाई आल्या. "पुरे गं, केवढा वेळ नमस्कार! मी काय भिक्खू आहे? खाली घे हात."

"आई, हात सोडले तर बोट वाकेल!"

सासूबाई चपापल्या. जोडलेल्या हातांवरच त्यांनी हलकेच बोटाच्या पाठीला कोरडी पट्टी लावली, फटीतून सरकवत बोटाभोवती चिकटपट्टी गुंडाळली.

"हं, आता कर खरा नमस्कार."