जपून ठेवलेली लाल गाडी

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. लाल रंगाची, बिनटपाची, दोनच माणसं मावतील एवढी. जमिनीला इतकी लगटून की शेजारून कुत्रं गेलं तर आमची नजरानजर होते. माझ्यासारखीला लोक ‘स्पोर्ट्स कार’ म्हणतात. खेळणं मात्र माझ्या नशिबी फार थोडं आलं. बहुतेक आयुष्य मी ताडपत्रीखाली बसून काढलं आहे.

तुम्हाला वाटेल, आता ही म्हातारी आपला जन्म सांगणार, कौतुक सांगणार आणि शेवटी ‘मला जपा’ म्हणून हात जोडणार. पहिल्या दोन गोष्टी थोडक्यात सांगते. तिसरी माझ्याकडून होणार नाही. का, ते ऐका.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. बोटीने मी मुंबईला उतरले आणि तिथून कोल्हापूरच्या एका कारखानदाराकडे आले. हौशी माणूस होता. दर रविवारी तो मला घेऊन पन्हाळ्याचा घाट चढायचा. समोरून एसटी आली की हात वर करायचा, एसटीचा ड्रायव्हरही हात वर करायचा. पोरं मागे धावत, माणसं दुकानातून बाहेर येऊन बघत. मला तेव्हा फार गर्व होता, खोटं कशाला बोलू?

कारखानदार गेला. त्याच्या मुलांनी मला विकलं नाही आणि चालवलंही नाही. ‘बाबांची आठवण आहे, जपून ठेवायची,’ असं म्हणून माझ्यावर ताडपत्री टाकली. ‘जपणं’ हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. एकवीस वर्षं त्यांनी मला जपलं. त्या जपण्यात उंदरांनी माझी गादी खाल्ली, ब्रेक गंजले आणि रिव्हर्स गिअर असा जाम झाला की पुन्हा पडलाच नाही.

जपून जपून कंटाळा आल्यावर त्यांनी मला उद्यमनगरातल्या आकाराम मिस्त्रीच्या गळ्यात घातलं. आकारामने माझं सगळं नीट केलं, पण रिव्हर्सचं एक दातेरी चाक काही मिळेना. ‘बनवू की लेथवर,’ असं तो दर महिन्याला म्हणायचा आणि विसरायचा. तोवर त्याने मला लग्नाआधीच्या फोटोंना भाड्याने लावलं. पेट्रोल जाळायला नको म्हणून रंकाळ्याच्या काठावर मला ढकलत नेऊन उभी करायची. नवरा मुलगा माझ्या बॉनेटवर पाय सोडून बसायचा, नवरी मुलगी माझ्या दारावर रेलायची. ज्यांना गिअर कुठे असतो हे ठाऊक नव्हतं त्यांनी माझं स्टिअरिंग धरून दात काढले. इंजिन चालू आहे का, हे एकानेही विचारलं नाही.

आणि मग अण्णासो आले.

साठी ओलांडलेला, उंच, काठीसारखा ताठ माणूस. तो ताठा तोऱ्याचा नव्हता. आजाराने त्यांचे पाठीचे आणि मानेचे मणके एकमेकांत जखडले होते. बाजूला बघायचं तर पायांसकट अख्खा माणूस वळायचा. चौतीस वर्षं एसटीत काढली, त्यातली सव्वीस ड्रायव्हर म्हणून. मग पाठीमुळे साहेबांनी त्यांना गाडीवरून उतरवून वर्कशॉपात बसवलं होतं.

“रामराम पावणं,” आकाराम म्हणाला.

“जय भीम. एक गाडी बघायची हाय. जुनीच पायजे. नव्या गाडीत इंजान कुटं हाय ते कळत न्हाय.”

आवारात तेव्हा आम्ही तिघी होतो. एक उंच जीप, एक पांढरी, भारदस्त, चार दारांची आणि मी. आकारामने भल्या मनाने जीप दाखवली. “हिच्यात सरळ चढायचं नि बसायचं. पाठीला तरास न्हाय.” पांढरीचंही दार उघडून दाखवलं. अण्णासो दोघींमध्ये बसून आले. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मान वाकत नव्हती म्हणून चार पावलं मागे सरले, तेव्हा कुठे मी त्यांना पुरती दिसले.

“ही?”

“ही तुमच्या कामाची न्हाय. लई खाली हाय. शिवाय रिव्हर्स पडत न्हाय हिचा.”

अण्णासो हसले. “मला बी मागं वळून बघाय येत न्हाय. मग जमंल की आमचं!”

“अवो, पण बसणार कसं?”

“आकाराम, सव्वीस वर्षं मी उंचावर बसून रस्ता बघितला. पन्हाळ्याच्या घाटात ही लाल गाडी समोरनं यायची. वरनं बघताना वाटायचं, ह्या माणसाला रस्ता कसा दिसत असंल? एकदा तितं बसून बघायचाय मला. उंच गाडीच पायजे असती तर एसटीचं तिकीट काढलं असतं.”

मित्रांनो, माझी टाकी त्या दिवशी रिकामी होती, नाहीतर मी जागच्या जागी सुरू झाले असते.

दुसऱ्या दिवशी ते बायकोला घेऊन आले. ललिताबाई ठेंगण्या, तोंडाच्या फटकळ. त्यांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली. “ह्यात बसायचं का निजायचं?” असं म्हणाल्या. मग नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “बसून तर बघा. पडलासा तर उचलतो की मी.”

पहिल्या दिवशी ते बसूच शकले नाहीत. दुसऱ्या दिवशी बसले, तर उठता येईना. तिसऱ्या दिवशी ललिताबाईंनी घरचा लाकडी पाट आणला आणि मार्ग निघाला. आत जाताना उघड्या दारामागच्या पत्र्याच्या कडेवर टेकायचं, दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे आणि घसरत खाली यायचं. बाहेर येताना पाट रस्त्यावर टाकायचा, त्यावर दोन्ही हात टेकायचे, हळूहळू गुडघ्यांवर यायचं, मग दाराला धरून उठायचं. एवढ्या सगळ्याला एक कप चहा निवेपर्यंत वेळ लागायचा. आठ दिवस ते रोज आले आणि रोज तेवढंच करून गेले. घाईत असलेली माणसं मी खूप पाहिली आहेत. माझ्यात बसता यावं म्हणून आठ दिवस घाम गाळणारा हा एकच.

मागचं दिसावं म्हणून त्यांनी भंगारातून एसटीचे दोन थोराड आरसे आणले आणि आकारामकडून माझ्या मडगार्डांवर बसवून घेतले. माझ्या नाजूक अंगावर ते परातीएवढे आरसे! लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. आकारामही म्हणाला, “अण्णा, हत्तीचं कान लावलासा की पोरीला!” पण त्या आरशांत अण्णासोंना मान न वळवता अख्खं उद्यमनगर दिसलं, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की मी गप्प बसले. ‘पावणं’चे ‘अण्णा’ कधी झाले, ते आकारामलाही कळलं नसेल.

मग एका सकाळी आम्ही निघालो. अण्णासो चालवायला, आकाराम शेजारी. शिवाजी पूल ओलांडला, उसाची शेतं लागली. अण्णासोंचा हात गिअरवर असा फिरत होता की मला माझा कारखानदार आठवला. समोरून एसटी आली. तिच्या ड्रायव्हरने माझे आरसे बघितले, डोळे विस्फारले आणि हात वर केला. अण्णासोंनीही हात वर केला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आकारामने विचारल्यावर म्हणाले, “वारं लागतंय.” वारं लागत होतंच, पण एवढं नव्हतं.

केर्लीला चहासाठी थांबलो. अण्णासोंनी पाट रस्त्यावर टाकला, हात टेकले आणि सवयीप्रमाणे सावकाश बाहेर यायला लागले. टपरीवर कॉलेजची चार पोरं होती. त्यांनी मोबाइल वर धरले. अण्णासोंच्या ते ध्यानातही आलं नाही. ते उठले, पँट झटकली आणि चहा पिताना आकारामला म्हणाले, “ठरलं. हीच. दसऱ्याला न्हेतो. धम्मचक्र दिन हाय, ललिताला घिऊन दीक्षेच्या दिवशी पन्हाळा चढायचा.”

मला निवडलं होतं, मित्रांनो. फोटोसाठी नाही, आठवण म्हणून नाही. चालवण्यासाठी.

पोरांनी घेतलेला तो व्हिडिओचा तुकडा दोन दिवसांत गावभर फिरला. आकारामच्या आवारातही कुणीतरी तो लावला, म्हणून माझ्याही नजरेस पडला. खाली नाव दिलं होतं, ‘आजोबा गाडीत अडकले’, आणि मागे गाढवाच्या ओरडण्याचा आवाज जोडला होता. अडकले! जो माणूस आठ दिवस शिकून स्वतःच्या हाताने बाहेर येत होता, तो म्हणे अडकला. उठून उभे राहिले ते कुणी दाखवलंच नाही.

रविवारी पुण्याहून त्यांचा मुलगा प्रसेनजीत आला. अण्णासोंना न सांगता, एकटाच. मुलगा वाईट नव्हता. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

“काका, गाडी विकली गेली असं सांगा बाबांना.”

“का म्हनून? डाक्टरनं तपासून लायसन दिलंय त्येंस्नी.”

“एक धक्का बसला तर कायमचे अंथरुणाला खिळतील. तेव्हा तुम्ही येणार आहात का करायला?”

“मग तोंडावर सांगा की त्यांच्या.”

“सांगितलं. ऐकत नाहीत. ऑफिसात माझ्यासमोर लोक तो व्हिडिओ बघून हसले, काका. त्यांना ठाऊक नव्हतं की ते माझे बाबा आहेत. मीही सांगितलं नाही. त्यांना जपायला नको का? आईलाही यातलं कळू देऊ नका.”

त्या बोलण्यात काळजी किती आणि लाज किती, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. आकारामने हातातला पाना पुसून खाली ठेवला. मग त्याने होकाराची मान हलवली. मुलगा गेल्यावर त्याने मला मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ढकललं आणि माझ्यावर ताडपत्री टाकली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी अण्णासो आले. काखेत पाट होता. अंगात पांढरा, इस्त्रीचा शर्ट. ताडपत्रीला एक फाटकी जागा होती, तिथून मला सगळं दिसत होतं.

“गाडी गेली, पावणं,” आकाराम म्हणाला. अण्णा नव्हे, पुन्हा पावणं. “लांबचं गिऱ्हाईक आलं. घिऊन गेलं.”

अण्णासो सावकाश, पायांसकट, सगळेच्या सगळे वळले आणि शेडच्या दिशेने उभे राहिले. माझ्यापासून चार हातांवर. ताडपत्रीखाली दोन्ही बाजूंना परातीएवढे दोन उंचवटे होते. सव्वीस वर्षं आरशांच्या भरवशावर बस चालवलेला माणूस स्वतःचे आरसे ओळखणार नाही?

“आरसं तरी काढून ठेवायचं होतंस,” ते म्हणाले. “माझं होतं ते.”

“त्ये बी... त्ये बी न्हेलं त्यानं.”

“बरं.” अण्णासो माझ्याकडेच बघत होते. “चालवतो न्हवं तो?”

आकाराम खाली वाकून पडलेले नट गोळा करायला लागला.

“चालवतो म्हण की, आकाराम.”

“चालवतो, अण्णा,” आकाराम म्हणाला आणि रडायला लागला.

अण्णासोंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ओरडले नाहीत, ताडपत्री ओढली नाही, मुलाचं नावसुद्धा काढलं नाही. साहेबांनी बसवरून उतरवलं तेव्हाही असेच गप्प उतरले असतील. त्यांनी पाट शेडच्या तोंडाशी ठेवला. “ऱ्हाऊ दे हितंच. घरात आता खाली कोण बसतंय?” असं म्हणाले आणि निघाले. मागे वळून बघितलं नाही. त्यांना वळता येत नाही, हे मला ठाऊक आहे, तरी लागायचं ते लागलंच.

दिवाळीत मुलाने त्यांना उंच, चंदेरी, नवी गाडी घेतली. म्हणजे पुण्याहून आला की स्वतःच चालवतो, अण्णासो शेजारी बसतात. एकदा ती गाडी आमच्या गल्लीतून गेली, तेव्हा ताडपत्रीच्या फाटक्या जागेतून मला दिसली. अण्णासो अर्ध्या उघड्या काचेमागे ताठ बसले होते. मुलाने हात पुढे करून त्यांचा पट्टा तपासला आणि म्हणाला, “बाबा, जपून.”

आकारामने अखेर लेथवर उभं राहून ते दातेरी चाक बनवलं. कुणी सांगितलं नव्हतं. तीन दिवस दुसरं काम हातात धरलं नाही. आता माझा रिव्हर्स लोण्यासारखा पडतो, आणि कुणी तो टाकत नाही. आरसे मात्र त्याने काढलेले नाहीत.

तर मित्रांनो, शाळेत तुम्हाला निबंधाच्या शेवटी ‘माझी काळजी घ्या, मला जपून ठेवा’ असं लिहायला शिकवलं असेल. ते खोडा. मला जपू नका. मला चालवा, खड्ड्यात घाला, घाटात दमवा, मोडले तर दुरुस्त करा. आणि तुमच्या घरात कुणाची पाठ वाकत नसेल, पाय उचलत नसेल, तर त्याच्या अंगावर ताडपत्री टाकण्याआधी त्याला एकदा विचारा, तुला कुठे जायचं आहे? त्याला बाहेर यायला एक कप चहा निवेपर्यंत वेळ लागेल. तेवढा वेळ मोबाइल खिशात ठेवा आणि पाट धरा.

अण्णासोंचा पाट अजून माझ्या दाराशीच आहे. त्यावर आता आकारामचे पाने-हातोडे ठेवलेले असतात.