दुसरा कान

वस्तादांचा हात शाबूत होता आणि जीभ तर हाताहून शाबूत. मेंदूला झटका येऊन दोन महिने उलटले होते, पायही चालू लागले होते. फक्त मेंदूने डावीकडचं दार आतून कडी लावून बंद केलं होतं. डोळ्यांत काही दोष नव्हता, पण डावीकडे काही आहे हेच त्यांच्या ध्यानात येत नसे. ताटातलं उजवीकडचं तेवढं जेवायचे आणि वर म्हणायचे, "हल्ली वाढताना हात आखडता घेतेस." बायको मुकाट्याने ताट फिरवायची.

"अरे वा, आणखी आहे की!"

ती स्वतः मात्र त्यांच्या डावीकडेच बसायची. लग्न झाल्यापासूनची तिची जागा होती ती. मुलगा म्हणाला, "आई, उजवीकडे बस ना, निदान तू तरी दिसशील त्यांना."

"मी नाही हलणार. त्यांनी वळावं," ती म्हणाली.

हॉस्पिटलातल्या संशोधक मुलीनेही तिचीच बाजू घेतली. डावीकडूनच बोलत राहा, म्हणाली. वस्ताद या मुलीला परीक्षावाली म्हणत. दर सोमवारी ती कागदावरच्या सगळ्या चांदण्या खोडायला लावायची. वस्ताद उजव्या अर्ध्या भागातल्या खोडून पेन ठेवायचे. "झालं. सोपा होता पेपर." मग ती त्यांना एक जाड भिंगांचा चष्मा घालायची. त्यातून सगळं उजवीकडे सरकलेलं दिसे. टेबलावरच्या ठिपक्यावर बोट ठेवता ठेवता हात हळूहळू चूक सुधारायला शिके, आणि चष्मा काढल्यावर थोडा वेळ आपसूक डावीकडे जाई.

"याने गुण येतो का?" वस्तादांनी विचारलं.

"काहींना येतो, काहींना नाही. कुणाला आणि का, तेच तर शोधतोय आम्ही."

"म्हणजे तुमचाही पेपर चालूच आहे म्हणा!" त्या दिवसापासून ती त्यांना आवडू लागली.

वस्तादांना घोर होता तो खुर्चीचा. त्यांच्या केस कापायच्या दुकानात तीन खुर्च्या, त्यातली खिडकीजवळची त्यांची. मुलाला तिथे केस धुवायचं बेसिन बसवायचं होतं. पोरगा वाईट नव्हता, पण बापाच्या हाती कात्री द्यायची त्याला भीती वाटत होती. "बाबा, महिनाअखेरपर्यंत एक डोकं पुरतं कापून दाखवा. खुर्ची तुमची."

डोकं दिलं टेलिफोनवाल्यांनी. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेलं, चाळीस वर्षांपासूनचं जुनं गिऱ्हाईक. वस्तादांनी अर्ध्या तासात कात्री ठेवली, कापड झटकलं आणि ऐटीत मागे आरसा धरला. उजवी बाजू झकास आणि डावीकडे जंगल जसंच्या तसं. सगळं दुकान हसलं. मुलाने कात्री उचलली, तसे टेलिफोनवाले ताडकन उठले.

"हात लावू नकोस. ज्याने सुरू केलंय, तोच पुरं करील."

त्यांनी वस्तादांचा हात धरला आणि स्वतःच्या डाव्या बाजूच्या केसांवर ठेवला. वस्ताद चाचपत राहिले. हसणं थांबलं. बिचाऱ्या वस्तादांना फार वाईट वाटलं, त्या दिवशी पुन्हा कात्री धरवेना. टेलिफोनवाले मात्र आठवडाभर त्या डोक्याने बाजारात गेले, बँकेत गेले, एका लग्नातही मिरवून आले. कुणी विचारलंच तर सांगायचे, "काम चालू आहे."

सोमवारी वस्ताद पडलेल्या चेहऱ्याने परीक्षावालीपुढे बसले. तिने सगळं ऐकून घेतलं. "काम पुरं झालं हे कसं ओळखायचं, हे नवशिक्यांना कसं शिकवता तुम्ही?"

"त्यात काय! कान मोजायचे. दोन्ही कानांना हात लागल्याशिवाय कापड झटकायचं नाही. पोराला याच्यासाठी टपल्या मारल्यात मी." आणि ते थबकले. "मीच मोजले नाहीत."

"मग आजचा पेपर कान मोजून सोडवा."

कागदाची डावी कड बोटाला लागेपर्यंत वस्तादांनी पेन ठेवलं नाही. त्या दिवशी त्यांनी नऊ चांदण्या जास्त खोडल्या.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी प्लंबर टेप घेऊन बाकावर बसला होता. टेलिफोनवाले खुर्चीत बसले. बायकोही आली आणि डावीकडे दाराशी उभी राहिली. उजवी बाजू पुन्हा सारखी झाली. वस्तादांनी कापडाचं टोक धरलं. मुलाने डोळे मिटून घेतले.

वस्तादांनी टोक सोडलं आणि उजव्या कानाला बोट लावलं. "एक." मग वाट पाहिली. "दुसरा कुठाय?"

बोट मानेवरून हळूहळू पलीकडे सरकलं, थांबलं, पुन्हा सरकलं.

"सापडला! अहो, केवढं रान माजलंय इथे!"

कात्री चालू लागली. वीस मिनिटांनी वस्तादांनी पुन्हा बोट लावलं आणि दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाले, "दोन." कानापर्यंत गेलेली नजर तशीच थोडी पुढे गेली, दारापर्यंत.

"अगं! तू कधी आलीस?"

"तीन महिने झाले," बायको म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

वस्ताद तिच्याकडे बघतच राहिले. प्लंबरने टेप खिशात घातला. मुलगा काहीतरी बोलणार होता, पण टेलिफोनवाल्यांनी कापडाखालून हात काढून त्याला गप्प केलं.

"निवांत बघा, वस्ताद," ते म्हणाले. "कापड मागाहून झटका. मला घाई नाही."