आधी पांढरी फुलं

मी एक कंद खणायची काठी बोलतेय. काठी म्हणतात खरं, पण मी आहे लोखंडाची. जन्माने मी गवत ओढायच्या यंत्राचा वाकडा दात. ते यंत्र मोडलं तेव्हा अमेरिकेत आयडाहोतल्या, नेझ पर्स या आदिवासी जमातीतल्या एका बापाने मला भट्टीत लाल केलं, टोकाला जरासा बाक दिला आणि डोक्यावर एल्क हरणाच्या शिंगाची आडवी मूठ बसवली. त्याला दोन मुली. थोरली लिओटा, धाकटी आर्डिथ. मी लिओटाच्या वाट्याला आले.

ते दिवस माझ्या मिजाशीचे होते. आमच्या माळावर कॅमसचे कंद होतात, लहान कांद्याएवढे. मला मातीत रोवायचं, मुठीवर भार द्यायचा, की ढेकूळ उचललं जातं आणि कंद हाती लागतो. लिओटाने मला इतकं वापरलं की शिंगावर तिच्या चार बोटांचे खळगे पडले.

"मला डोळे नसले तरी चालेल, काठी आहे माझी," ती फुशारकी मारायची.

"तोंड मात्र लागतं तुला," आर्डिथ म्हणायची, कारण लिओटाला खणता खणता कंद सोलून कच्चाच तोंडात टाकायची खोड होती.

पण या माळावर दोन झाडं शेजारी शेजारी वाढतात. एकाचं फूल निळं, त्याचा कंद खायचा. दुसऱ्याचं पांढरं, त्याचा कंद माणूस मारतो. फुलं गळली की जमिनीखालचे कंद इतके सारखे की माणसांचीही फसगत होते, मग लोखंडाला काय कळणार? म्हणून आमच्या बायका माळ फुललेला असतानाच एकदा येतात आणि पांढऱ्या फुलांची झाडं कंदासकट काढून टाकतात. खायचे कंद खणायला यायचं ते मग उन्हाळ्यात, फुलं वाळल्यावर.

एका वसंतात दोघींचा बाप वारला. ज्याने मला घडवलं, तोच. घरात सुतक असलं की आमच्यात माळावर जात नाहीत, कंदाला हात लावत नाहीत. दोघींनी ते नीट पाळलं. माळ फुलला आणि कोमेजला, तोवर त्या घरात बसून होत्या. सुतक फिटल्यावर मला घेऊन निघाल्या आपल्या नेहमीच्या जागी. ती जागा दर वर्षी त्याच साफ करायच्या. त्या वर्षी ती कुणीच साफ केलेली नाही, हे दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

मी कंद वर काढले, लिओटाने सोलून खाल्ले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आर्डी, ओठ बधिर झालेत गं माझे." उन्हं उतरायच्या आत ती गेली. तिची मूठ माझ्यावरच आवळलेली होती. आर्डिथने एकेक बोट सोडवलं.

रीतीप्रमाणे लिओटाच्या वस्तू वाटून टाकल्या आणि मी आर्डिथकडे आले. तिने मला घोंगडीत गुंडाळून शेडच्या आढ्याला बांधलं. वर्षांमागून वर्षं गेली. दर वसंतात ती एकटी माळावर जायची, पांढरी झाडं काढायची आणि परत यायची. उन्हाळ्यात खणायला कधी गेली नाही. कॅमसचा घास पुन्हा तोंडात घातला नाही.

आणि आता सांगते ते कुणाला खरं वाटणार नाही. माळ फुलला की त्या बंद शेडमध्ये माझी मूठ आवळली जायची. चार खळग्यांत चार बोटं. मी थरथरायचे, घोंगडीतून धूळ पडायची. आर्डिथला ती धूळ दिसायची. वर न बघता ती म्हणायची, "काढली गं सगळी. एक ठेवलं नाही." मग हळूहळू बोटं सैल व्हायची.

यंदा टेस आली, लिओटाच्या मागे राहिलेल्या लेकीची लेक. शहरात वाढलेली, बोलायला फटकळ.

"आजी, मला कंद खणायला शिकव."

आर्डिथने दाराबाहेर माळाकडे पाहिलं. "फुलं आलीत," ती म्हणाली. "चल."

"आणि काठी?"

"काठी नंतर. आज नुसतं पांढरं शोधायचं."

रोज तेच चाललं. एक दिवस टेस वैतागली. "मी खायचं काय ते शिकायला आलेय, आणि तू मला न खायचंच शिकवतेस!"

"तुझ्या आजीला खायचं चांगलं येत होतं," आर्डिथ म्हणाली. टेस वाकून पुन्हा पांढरं शोधायला लागली.

उन्हाळ्यात आर्डिथने मला खाली काढलं. टेसने मला धरलं आणि तिची बोटं आपसूक त्या खळग्यांत बसली.

"आजी, ही मूठ कोमट लागतेय."

"लागू दे. खण तू."

टोपली भरत आली तेव्हा टेसने एक कंद हातात घेतला, निरखला आणि टाकून दिला.

"का गं? चांगला दिसतोय की," आर्डिथने मुद्दामच विचारलं.

"दिसतोय चांगलाच. पण हा पार कडेचा. त्याचं फूल मी पाहिलेलं नाही."

आर्डिथने तोंड फिरवलं. मला तिचे खांदे तेवढे दिसले.

आमच्यात पोरीने पहिल्यांदा खणलेले कंद तिने स्वतः चाखायचे नसतात. ते थोरांनी खायचे. घरात थोर एकटी आर्डिथ. तापल्या दगडांवर, मातीखाली शिजून कंद काळे नि गोड झाले. टेसने ते तिच्यापुढे ठेवले. म्हातारीचा हात पुढे जाईना.

"नको खाऊस, आजी," टेस म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "मी कुणाला सांगणार नाही."

आर्डिथने मला मांडीवर ओढलं आणि शिंगावर हात ठेवला. माझी मूठ आधीच आवळलेली होती, तिच्या बोटांखाली दुसरी बोटं. "लिओटा," ती म्हणाली, "पोरीने फुलं पाहिलीत." आणि तिने खाल्लं.

मग दोघी बसून राहिल्या. टेस तिच्या ओठांकडे बघत होती. उन्हं उतरू लागली, माळाच्या कडेपर्यंत गेली, आणि लिओटा गेली ती वेळ आमच्यावरून निघून गेली.

"काय बघतेस टकामका?" आर्डिथ म्हणाली. "उरलेत का अजून?"

टेस रडायला लागली.

आता मी दाराशी उभी असते. ती बोटं अजून आहेत, पण हल्ली आवळत नाहीत, नुसती टेकलेली असतात. पुढे मला धरणारी तू जी कुणी असशील, तुझी बोटंही त्यांच्यावरच पडतील. घाबरू नकोस. फक्त आधी फुलांत ये.