किराण्याचं कार्ड की हॉटेलचं

मैथिलीची दहावी संपली आणि आमच्या मस्कतमधल्या, अझैबाच्या घरात एकच प्रश्न उरला: अकरावीसाठी मी तिला घेऊन पुण्याला जायचं, की तिघांनी इथेच राहायचं? तिला डॉक्टर व्हायचंय, हवे ते क्लास पुण्यात. माझ्या ओळखीतल्या निम्म्या बायका याच पायी मस्कत सोडून गेल्या. मला जायचं होतं आणि त्यासाठी धनंजयचा, म्हणजे नवऱ्याचा, होकार हवा होता. त्याने काय करावं? क्रेडिट कार्ड शोधायला घेतलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

दोन कार्डं त्याच्या मनात भरली होती. एकावर सुपरमार्केटच्या खरेदीतले थोडे पैसे परत मिळायचे, पण महिन्याला दोनशे रियालच्या वर खरेदी झाली तरच. दुसऱ्यावर हॉटेल आणि पेट्रोलचे मिळायचे, अट काही नाही.

"कार्ड चांगलं-वाईट नसतं गं, श्यामला," आमटी ओरपत तो मला शिकवायचा. "आपला पैसा जातो कुठे, ते आधी बघायचं."

पार्किंगचे शंभर बैसा वाचवायला भर उन्हात मैलभर चालणारा माणूस हा. या विषयात त्याच्या जिभेला हाड नाही. मी "पुण्याचं काय?" विचारलं, की मात्र "इन्शाल्ला, बघू." या देशात इतकी वर्षं काढल्यावर इन्शाल्ला कुठला खरा नि कुठला टोलवण्याचा, ते कळतं. हा टोलवण्याचाच होता, याची मला खात्री होती.

शुक्रवारी त्याने बँकेच्या उजैरला घरीच बोलावलं. पोरगा सालस, हिंदीत अदबीने बोलणारा. मी चहा-चिवडा ठेवला.

"सर, घरात किती माणसं?"

"तीन," धनंजय म्हणाला.

"मग किराण्याचंच घ्या. तीन माणसांत दोनशे रियाल सहज होतात."

माझं डोकं सणकलं. तीन म्हणे! म्हणजे परस्पर ठरवून मोकळा. पाहुणा बसलाय हेही मी विसरले.

"एकट्यानेच ठरवलंस ना? पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, आणि तू साबण-तांदळाचा हिशेब करतोयस!"

उजैरला मराठी कळत नव्हतं, पण त्याने नजर कपात घातली. आतून मैथिली ओरडली, "आई, प्लीज, डोन्ट स्टार्ट."

धनंजयने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

"उजैरभाई, तीन आत्ता आहेत," तो हिंदीत म्हणाला. "जूनपासून एकच धरा. एका माणसाचा किराणा दोनशेचा होत नाही. हॉटेलवालं द्या."

हेच तर मला हवं होतं. पण देव जाणे का, आनंद बाजूलाच राहिला, मी परत त्याच्यावरच घसरले.

"रोज हॉटेलात गिळणार आहेस? पित्ताचं काय?"

"खिचडी येते मला."

"डोंबलाची खिचडी! आजवर कधी कुकर लावलायस?"

"शिकेन," तो म्हणाला आणि उजैरकडे वळला. "याच खात्यावर हिच्या नावाचं दुसरं कार्ड मिळेल ना? पुण्यात चालेल?"

उजैर चुळबुळला. "चालेल, सर. पण तिकडे दर वेळी वरून चार्ज कापला जाईल आणि परत एक बैसाही मिळणार नाही. तुमच्या फायद्याचं नाही ते."

आता हा कॅल्क्युलेटर काढणार, दोन्ही बाजूंनी गणित मांडणार, उजैरचा चहा गार होणार. मी वाट बघत उभी राहिले.

"कापू दे," धनंजय म्हणाला. "तिला तिथे हात आखडायला लागू नये." आणि सही करायला त्याने पेन मागितलं.

मला परक्या माणसासमोर रडू फुटलं.