वरच्यांचा कोल्हा, खालच्यांचा गोल

रुपालीचा दिवस चहाने नव्हे, लॅपटॉपने सुरू व्हायचा. पडवीत खिडकीशी नेटवर्क बऱ्यापैकी धरायचं, म्हणून तिथे टेबल मांडलं होतं आणि टेबलावर लॅपटॉप. ती येऊन बसायची, रंगीत गोलावर टिचकी मारायची आणि 'मालगुंड होमस्टे' असं टाइप करायची. पहिलं नाव यायचं 'सागरछाया'. हे तिचं नाव, तिच्या खालच्या खोल्यांचं. ती ते उघडायची, आपल्याच चादरींचे आणि आपल्याच खिडक्यांचे फोटो पाहायची, सगळं जागच्या जागी आहे ना याची खात्री करायची आणि मग चहाचं आधण ठेवायला उठायची.

रोज पहिला नंबर आणि रोज रिकाम्या खोल्या. गणपतीपुळ्याच्या रस्त्याने गाड्यांची रांग लागायची, त्यातली एक मालगुंडात वळून या घरापुढच्या खळ्यात येईल तर शपथ. रुपाली आता त्यावर चिडतसुद्धा नव्हती. चिडायलाही अंगात बळ लागतं. माणसं नसलेल्या खोल्या झाडायच्या, न वापरलेल्या चादरी उन्हात टाकायच्या, पुन्हा अंथरायच्या. एवढं करून ती संध्याकाळी नुसती बसून राहायची.

तिचा नवरा विनोद डोंबिवलीला राहायचा, तिथल्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. तो गणपतीला आला तेव्हाच त्याने विषय काढला होता, आणि आज सकाळी फोनवर शेवटचं सांगून टाकलं. "खाटा घेणारा माणूस मिळालाय. संध्याकाळी पाठवतो. खोल्यांना कुलूप लाव आणि दिवाळीआधी इकडे ये. एकटी बसून काय राखतेस तिथे?"

"संध्याकाळी सांगते," ती म्हणाली.

"सांगायचं काय त्यात? बरं, संध्याकाळी फोन करतो."

त्याचंही चुकत नव्हतं. पण लग्न होऊन या घरात आल्यापासून रुपाली कधी चार दिवसांच्या वर बाहेर राहिली नव्हती. डोंबिवलीची खोली तिने पाहिली होती. तिथे खिडकीतून समोरच्यांचा टीव्ही दिसायचा. तिला जायचं नव्हतं. उगीच शब्द फिरवण्यात अर्थ नाही, तिला अजिबात जायचं नव्हतं. आणि राहायचं तर खोल्यांना माणसं हवीत, एवढी साधी गोष्ट होती.

आता हे गोलाचं आणि कोल्ह्याचं काय प्रकरण आहे ते सांगायला हवं.

घर एकच, पण माणसं दोन भागांत. खालचा मजला थोरल्या विनोदचा, म्हणजे रुपालीचा. माडी धाकट्या हितेशची, म्हणजे त्याची बायको संस्कृती हिची. हितेश जयगडला बंदरात कामाला, रोज मोटारसायकलने ये-जा. दोघी जावांनी मिळून होमस्टे काढलं तेव्हा दारातल्या झाडावरून त्याचं नाव ठेवलं 'सुरंगी'. चांगलं चाललं होतं. मग एका मे महिन्यात पाहुण्यांच्या उशांचे अभ्रे कुणी धुवायचे यावरून शब्दाला शब्द लागला. अभ्रे हे निमित्त, आत बरंच काही साचलेलं असतं. चुली वेगळ्या झाल्या. भांडी वाटली, खोल्या वाटल्या. खळ्यात तेवढी गडग्याची भिंत घातली नाही, कारण चिऱ्यांचा खर्च कुणी करायचा यावर एकमत झालं नाही. विहीर सामाईक राहिली, तुळस सामाईक राहिली आणि लॅपटॉप सामाईक राहिला. सकाळी खालच्यांचा, दुपारनंतर वरच्यांचा.

'सुरंगी' हे नाव मात्र वाटता येईना. एकीला दिलं की दुसरी रुसणार. शेवटी हितेशने ते बंद करून टाकलं आणि दोघींना दोन नवी नावं काढून दिली, खाली 'सागरछाया', वर 'माडबन'. त्याच दिवशी त्याने लॅपटॉपचीही वाटणी केली. "हे बघ वैनी, हा रंगीत गोल तुझा. क्रोम म्हणतात त्याला. आणि संस्कृतीचा हा कोल्हा, फायरफॉक्स. आपापल्यातच उघडायचं. म्हणजे कुणाचं काय चाललंय ते कुणाला दिसायला नको." लॅपटॉपबरोबर आलेला तिसरा ब्राउझर, म्हणजे एक निळी लाटही खालच्या पट्टीत होती. ती कुणीच मागितली नाही, तशीच पडून राहिली.

तेव्हापासून दुसरीच्या ब्राउझरला हात लावायचा नाही हा नेम दोघींनी पाळला होता, जसा दुसरीच्या चुलीकडे न जाण्याचा पाळला होता. आणि माणूस एकदा एखादी बाजू घेऊन बसला की त्याला त्या बाजूचे गुणही दिसायला लागतात. गोल कसा, मोबाइलवर जे बघितलं ते लॅपटॉपवर हजर, काही शोधावं लागत नाही, असं रुपाली माहेरच्या बायकांना सांगायची. कोल्हा कसा आपल्या कामाशी काम ठेवतो, लोकांच्या घरात डोकावत नाही, असं संस्कृती विहिरीवर मोठ्याने बोलायची, रुपालीला ऐकू जाईल इतपत. दोघींनी दुसरीचं कधी वापरून पाहिलं नव्हतं, तरी ते वाईट आहे हे दोघींना पक्कं ठाऊक होतं.

एकमेकींशी त्या सरळ बोलतच नसत. टाकीत पाणी चढलं की संस्कृती तुळशीकडे तोंड करून "मोटर बंद करायची हाय" म्हणायची, आणि रुपाली तुळशीलाच "होय" म्हणायची.

तर त्या दिवशी विनोदचा फोन ठेवून रुपाली लॅपटॉपसमोर बसली. 'सागरछाया' नेहमीसारखं पहिलं होतं. मागच्या शनिवारी माडीवर पाहुण्यांची वर्दळ होती, मुलांचे पाय रात्रभर तिच्या डोक्यावर नाचत होते. पहिला नंबर माझा आणि माणसं वर कशी जातात? हा प्रश्न इतके दिवस तिने दाबून ठेवला होता. आज दाबायचाही कंटाळा आला. तिने जिन्याकडे पाहिलं, कुणी नव्हतं, आणि कोल्ह्यावर टिचकी मारली.

'मालगुंड होमस्टे'. पहिलं नाव 'माडबन'. खाली इतर गावभरची नावं. 'सागरछाया' कुठेच नाही. तिने पान संपेपर्यंत खाली खाली पाहिलं, मग पुन्हा वरपासून पाहिलं.

म्हणजे वरच्यांनी आपलं नाव काढून टाकलं. आपण इथे रोज चादरी झटकतोय आणि तिकडे आपण नाहीच आहोत. ती उठली आणि विहिरीवर गेली. संस्कृती तिथे कपडे पिळत होती.

"माझं नाव काढलंस ना तू?" रुपालीने तुळशीला मध्ये न घेता विचारलं.

संस्कृती थबकली. इतक्या महिन्यांनी सरळ आवाज ऐकून ती हातातला पिळा तसाच धरून वळली. "कसलं नाव?"

"सागरछाया. तुझ्या कोल्ह्यात कुठं नाय ती."

"तुम्ही माझा कोल्हा उघडलात?"

"उघडला."

"का उघडलात वैनी? मी कधी तुमच्यात बघितलं?" तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. तिला खरंच लागलं होतं. "मी कशाला तुमचं नाव काढीन? मला ते जमतं तरी काय?"

"मग शनिवारी तुझ्याकडे पाहुणे कुठनं आले?"

"माझी मावशी आली होती केळशीची. मुलं-सुना घेऊन. ते काय पाहुणे?" संस्कृतीने पिळा बादलीत टाकला. "माझ्याकडे गणपतीनंतर एक माणूस आलेला नाय. तुम्हाला ऐकायचं होतं ना, ऐका."

दोघी पडवीत आल्या. संस्कृतीने ओले हात पदराला पुसले आणि आता नेम मोडलाच आहे म्हटल्यावर गोल उघडला. तिथे 'सागरछाया' सगळ्यांच्या वर. 'माडबन' औषधालाही नाही.

"आणि हे काय मग?" ती म्हणाली. "हे कुणी केलं?"

"देवाशप्पथ मी नाय गो."

"मीपण नाय."

भांडायला दोघींकडे कारण होतं, जोर मात्र कुणाकडेच उरला नव्हता. रुपाली खुर्चीवर बसली. संस्कृती खिडकीला टेकली.

"ती निळी लाट कुणाची?" रुपालीने विचारलं.

"कुणाची नाय. वाटणीत आलीच नाय ती."

"मग तिच्यात बघ. ती तुझी बाजू घेणार नाय नि माझी पण नाय."

संस्कृतीने लाटेवर टिचकी मारली. कधी न उघडलेली, ती आधी बराच वेळ स्वागत करत बसली. मग संस्कृतीने टाइप केलं, 'मालगुंड होमस्टे'.

पहिलं नाव आलं 'सुरंगी'.

शेजारी पिवळे तारे, खाली लोकांनी लिहिलेलं बरंच काही, आणि नावाखाली लाल अक्षरांत, 'कायमचे बंद'.

सागरछाया आणि माडबन शोधायला तिला खूप खाली जावं लागलं. दोन्ही होती, एकाखाली एक. पाहुणा एवढ्या खाली कशाला येतोय, त्याला वरच दहा घरं सापडतात.

"आपण रोज आपलंच उघडतो ना वैनी," संस्कृती हळूहळू म्हणाली, "म्हणून ते आपल्याला आपलंच पुढं दाखवतं. त्याला वाटतं, हिला हेच पाहिजे."

रुपालीला हसू आलं. इतके महिने ती रोज सकाळी पाहुण्यासारखी आपल्याच दारात जाऊन आपल्यालाच शाबासकी देऊन येत होती. वरती ही दुपारी तेच करत होती. दोघींना एकमेकींचा धाक होता आणि खरं म्हणजे दोघीही कुणाच्या खिजगणतीत नव्हत्या. तिला स्वतःची कीव आली, आणि लगेच खिडकीला टेकलेल्या त्या पोरीचीही आली.

संस्कृती खालचं वाचत होती. तिने मोठ्याने वाचलं नाही, पण रुपालीला दिसत होतंच. कुणी लिहिलं होतं, थोरल्या वहिनींच्या हातचं बांगड्याचं तिखलं आणि धाकट्या वहिनींचे घावणे, दोन्ही एका ताटात खाल्ले, पुन्हा येणार. कुणी विचारलं होतं, बंद का झालं? त्याखाली उत्तर कुणी दिलेलं नव्हतं. रुपालीचे घावणे तव्याला चिकटायचे. वरच्या तिखल्यात तिरफळ जास्त पडतं हे तिला नुसत्या वासावरून कळायचं. दोघींच्या पाहुण्यांनी गेल्या वर्षभरात अर्धवटच ताट खाल्लं होतं.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. एक तरुण माणूस खळ्यात आला, मागे गाडीत त्याची बायको आणि म्हातारे आईवडील दिसत होते. त्याच्या हातात मोबाइल होता.

"नमस्कार. मी हर्षद, सांगलीहून आलोय," तो म्हणाला. "इथे सुरंगी म्हणून एक होमस्टे होतं ना? ऑफिसातले लोक फार नाव घेतात. बंद दाखवतंय, पण म्हटलं वाटेत आहेच, विचारून बघावं. आईबाबांना जिना चढवत नाही, त्यांना खाली खोली लागेल. आम्हाला वर चालेल."

खालची खोली रुपालीची आणि वरची संस्कृतीची, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत. आणि जेवायला कुठल्या चुलीवर बसवायचं, हेही त्याने विचारलं असतं तर कुणाला सांगता आलं नसतं.

त्याने मोबाइल पुढे केला. "हा फोटो इथलाच ना? हेच झाड वाटतंय."

फोटोत सुरंगीखाली दोन बायका उभ्या होत्या. थोरलीच्या हातात ताट, धाकटीने तिच्या खांद्यावर हात टाकलेला, दोघी कशाला तरी खळखळून हसत होत्या. कशाला ते रुपालीला आठवेना. त्या बायका तरतरीत दिसत होत्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळं नव्हतं.

"या दोघी आता इथे राहत नाहीत का?" हर्षदने विचारलं. त्यांच्याकडेच बघून विचारलं.

संस्कृतीने मान फिरवली आणि ती खिडकीबाहेर बघू लागली. तिचे डोळे भरले होते. रुपालीचा हात आपसूक स्वतःच्या केसांकडे गेला, सकाळपासून विंचरले नव्हते.

"राहतात ना," ती म्हणाली. "म्हाताऱ्या माणसांना आधी उतरवून घ्या. ऊन हाय. मी बोलावते त्यांना."

तो गाडीकडे वळला. रुपाली संस्कृतीजवळ गेली, पण खांद्यावर हात ठेवायचं तिला जमलं नाही. वर्षभराची सवय अशी एका दिवसात जात नाही.

"तांदळाचं पीठ हाय काय गो तुझ्याकडे?" तिने विचारलं.

"हाय," संस्कृती नाक ओढत म्हणाली. "पण माझा गॅस संपत आलाय."

"खालच्या चुलीवर घाल घावणे. मी बांगडे बघते कुठं मिळतात ते."

संस्कृती जिना चढून पिठाचा डबा आणायला गेली. टेबलावर लॅपटॉप तसाच उघडा होता, लाटेत 'सुरंगी', खाली लाल अक्षरं. ती कशी काढायची हे हितेश आल्यावर विचारावं लागणार होतं, आणि निघतील की नाही कुणास ठाऊक. लोक पुन्हा येतील की नाही तेही कुणास ठाऊक. रुपाली काही एवढ्याने हुरळून जाणारी नव्हती. तिचे पाय दुखत होते आणि पाहुण्यांची खोली पुन्हा एकदा झाडायची होती.

फोन वाजला. विनोदला संध्याकाळपर्यंत दम निघाला नव्हता. "तो माणूस निघतोय टेम्पो घेऊन," तो म्हणाला. "काय ठरवलंस?"

म्हातारा-म्हातारी एकमेकांना धरून खळ्यातून पडवीकडे येत होती. वरून डब्यांचा आवाज येत होता.

"त्याला थांबवा," रुपाली म्हणाली. "खाटा लागणार हायत. सुरंगीला पाहुणे आलेत."