टीनाची दुसरी डिस्क

टीनाच्या तेरवीला तिच्या वस्तू द्यायच्या होत्या. ललिताबाईंनी मुलीचे कपडे धुऊन त्यांच्या घड्या घातल्या आणि मुलाला, भुपेंद्रला म्हणाल्या, "कंप्युटरबी धुऊन दे. गेलेल्या माणसाचं काई ठेवून देत नाही."

भुपेंद्र नागपुरात सर्व्हर सांभाळतो. त्याने बहिणीच्या संगणकाची डिस्क लॅपटॉपवर उतरवली, मग संगणक पूर्ण पुसला. तो संगणक बपेरा गावच्या रक्षा नावाच्या मुलीला दिला.

टीना लग्नांचे व्हिडिओ जुळवायची. तापाने जाण्याआधी ती आंबागडच्या धानाच्या रोवण्यावर फिल्म करत होती, निवेदन तिचंच. तो आवाज आईला एकदा ऐकायचा होता.

उतरवलेल्या डिस्कवरून भुपेंद्रने लॅपटॉपमध्ये व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आतच चालणारा टीनाचा संगणक, उभी केली. ती सुरू होताच बिघाडाचा निळा पडदा आला.

"काहून थांबलं?"

"डिस्क हाये माय, पण विंडोजले दिसून नाही राहिली. नव्या पद्धतीनं जोडली, त्याचा ड्रायव्हर तिच्यात नाही."

"नागपुरात हेच करतोस न बापा? तिथं कोणी काही म्हणत नाही?"

तो हसला. डिस्क जुन्या पद्धतीने जोडल्यावर मशीन उठली, पण इतकी संथ, की आवाज तुटक आला असता. तसा त्याला आईला ऐकवायचा नव्हता. म्हणून त्याने नव्या पद्धतीची एक छोटी रिकामी डिस्क सोबत जोडली. विंडोजने ती ओळखली, ड्रायव्हर बसला. मशीन बंद करून त्याने मुख्य डिस्कही तशीच जोडली. या वेळी टीनाचा डेस्कटॉप आला. त्यावर बोडीच्या पाण्याकाठी उभ्या ललिताबाईंचा फोटो.

त्याने फिल्म उघडली. सगळे तुकडे लाल. प्रत्येकावर 'फाइल सापडत नाही'.

प्रत्येक तुकडा 'डी' ड्राइव्हवर होता. तो त्याच डिस्कचा विभाग नव्हता, संगणकातली वेगळी डिस्क होती. भुपेंद्रने उतरवली एकच, पुसल्या दोन्ही.

"बाबू, लाव न आता."

त्याने सांगितलं. ललिताबाई पडद्याजवळ सरकल्या.

"मीच म्हटलं होतं, धुऊन दे."

"पाह्यलं मी नाही, माय. तुह्यी चूक नाही."

"हे लाल काय लिहिलं हाये?"

"टीनानं तुकड्यांले नावं देली होती."

"वाच."

"माय चिखलात. माय धानाचे पऱ्हे बांधते. माय हसते, पुन्हा घ्यायचं." मग त्याने शेवटचं नाव वाचलं. "माहा आवाज, शेवट."

"पुन्हा वाच," त्या म्हणाल्या. "हळू."